न अडकता घेतलेला उखाणा

तेजश्रीला जाईचा राग यायचा, आणि का येऊ नये? वरच्या मजल्यावर राहणारी, कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारी ही बया दर रविवारी त्यांच्या घणसोलीच्या घरात ठाण मांडायची आणि आकाशबरोबर जुने इंग्रजी सिनेमे बघायची. सगळे एकाच छापाचे. माणसाचं सोंग घेतलेलं यंत्र, आणि ते ओळखायचं कसं यावर दोघांची चर्चा. एरवी नवरा घरात मुका. जाई आली की काय ती बडबड! चहा मात्र तेजश्रीनं करायचा.

स्वयंपाकघराच्या दारातून बघून बघून तिलाही एक गोष्ट कळली होती. संशय आला की त्या सिनेमांत खऱ्या माणसालाच ठाऊक असेल असं काहीतरी विचारतात.

संशय तिला होताच. आकाशचं कळंबोलीला ट्रान्सपोर्टचं ऑफिस. गाडी कुठं पोचली म्हणून दिवसभर फोन येतात. त्यांना उत्तरं द्यायला जाईनं एक मशीन लावून दिलं होतं, हुबेहूब आकाशच्या आवाजात बोलणारं. तेव्हापासून दुपारी घरी येणारा त्याचा फोनही गोडगोड झाला. जेवलीस का, दमलीस का. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं कधी असं विचारलं होतं? मेल्यानं बायकोलाही मशीनच्या गळ्यात बांधलंय, असं तिच्या मनानं घेतलं.

गुरुवारी फोन आला तेव्हा ती म्हणाली, "लग्नातला उखाणा घ्या बघू."

पलीकडून न अडखळता, छान ठसक्यात उत्तर आलं, "कोयनेच्या पाण्यावर चांदण्याची झाक, तेजश्रीला देतो जन्मभराची हाक."

झालं. हे मशीनच. साताऱ्याला मांडवात खरा आकाश 'झाक' म्हणून जो अडकला तो अडकलाच. बायका फिदीफिदी हसल्या, त्याचे कान लाल झाले, शेवटी नुसतं 'तेजश्री' म्हणून त्यानं मान खाली घातली. त्याच घटकेला तो तिला आवडला होता. पुढची ओळ त्याच्या आत्यानं मागून पुरी केली. लग्नाचा व्हिडिओ ऐकवला तर मशीनच काय, पोपटही म्हणेल.

"ए डबड्या," ती म्हणाली, "सांग तुझ्या मालकाला. तिच्याशी बोलायला स्वतः, आणि माझ्याशी बोलायला तू? मी जळते त्या जाईवर. रविवार उजाडला की मला रडू येतं."

मशीनला सांगायला कसली लाज?

पलीकडून हळूच आवाज आला, "तेजू, मीच आहे गं."

तिनं विचारलं, "मग अडकला कसे नाहीत?"

"पाठ केला." तो ओशाळून बोलत होता. लग्नाचा वाढदिवस जवळ आला होता, या वेळी चारचौघांत नीट घ्यायचा होता. मांडवातली फजिती त्यानं सगळी जाईला सांगितली होती. "तिनंच रोज माझ्याकडून म्हणून घेतला. फोनवर गोड बोलत जा, हेही तिनंच शिकवलं."

तेजश्रीनं फोन ठेवला. मशीन निघालं असतं, तर तिनं एक वेळ सोडून दिलं असतं.