बोडी उतरली तरी लाखोळीला ओल

आंबागडच्या किल्ल्याखाली, रानाला लागून सुखरामांचे धानाचे शेत आहे. शेताच्या वरच्या अंगाला बोडी, म्हणजे गावाचे लहानसे तळे. तिच्या काठाच्या पाळीत एक काळा दगड बसवलेला आहे. पाणी त्या दगडाखाली उतरले की शेताकडे जाणारा प्रवाह बंद करायचा, हा शिरस्ता गाव पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले. सुखरामांच्या पत्नी आनंदाबाई त्याच शिरस्त्यात वाढल्या, आणि मुलाचे रक्तही त्या त्याच दृष्टीने मोजू लागल्या.

रक्त गोठण्यास आवश्यक असलेला नववा घटक भुपेंद्रच्या देहात जन्मतःच जवळजवळ नव्हता. बालपणी त्याच्या गुडघ्यात आतल्या आत रक्त साचे आणि घर जागे राही. भंडाऱ्याच्या उपचारकेंद्रातून त्या घटकाचे इंजेक्शन नियमित मिळू लागले, तेव्हापासून ते भय ओसरले. सांजवात लावताना आनंदाबाई त्या औषधालाही हात जोडीत.

परंतु एकदा, इंजेक्शनाची पाळी यायच्या आधी केलेल्या तपासणीत रक्तातील घटक फार उतरलेला दिसला. तेव्हापासून इंजेक्शनाची पाळी जवळ आली की आनंदाबाई त्या तरुण मुलाला खाटेवरून उतरू देईनात.

"माय, मी का अंडं हाय?" तो म्हणे.

"अंडं बरं, फुटलं तं दिसते. तुयं आतच फुटते."

या जपणुकीने गुडघा आखडू लागला. उपचारकेंद्रातील डॉक्टर टीना यांनी तो वाकवून पाहिला आणि स्पष्ट सांगितले की हालचाल अशीच थांबली, तर हा पाय कायमचा ताठ होईल. आनंदाबाईंनी अहवालाचा आकडा पुढे केला. तेव्हा डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "हा घटक सगळाच रक्तात राहत नाही, आनंदाबाई. बराचसा नसांच्या भिंतींत झिरपतो आणि तिथेच धरून राहतो. आम्ही नळीत रक्त काढतो, भिंत काढत नाही."

भिंतीतला तो साठा किती उरला हे मोजण्याचे साधन अजून हाती नाही, म्हणून इंजेक्शन वेळेवर हवेच आणि उड्या नकोत, असेही त्यांनी बजावले. चालणे मात्र रोज हवे. आनंदाबाईंनी ऐकले, पटले नाही.

दुसऱ्या दिवशी त्या भाजी खुडायला शेतात गेल्या. धान कापून झाले होते. ते उभे असतानाच चिखलात बी फेकून पेरलेली लाखोळी, कोवळ्या पाल्याची भाजी होणारे डाळीचे पीक, आता दाट माजली होती. तिला कोणी पाणी देत नाही. खुडता खुडता एक रोप मुळासकट हाती आले. मुळाशी माती गार होती, बोटांना चिकटत होती. आनंदाबाईंनी मान वर करून बोडीकडे पाहिले. काळा दगड पाण्याच्या कितीतरी वर, उन्हात कोरडा होता. त्या तशाच बांधावर बसून राहिल्या.

घरी येऊन त्यांनी भुपेंद्रला हाक दिली. "ऊठ. भाजी खुडाले चाल."

"आज? इंजेक्शन घेऊन तं लय दिवस झाले ना, माय."

"बोडी उतरली म्हणून लाखोळी सुकली काय? हळू चाल. घसरशीन तं याद राख."

वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून तो शेतापर्यंत गेला. गुडघा कुरकुरला, मग थोडा सैल झाला. आनंदाबाईंनी खुडलेली पहिली मूठ बांधावर ठेवली. ती कोणासाठी, असे सुखरामांनी विचारले.

"ज्यायच्या रक्तातून हे औषध काढतेत, त्यायच्यासाठी. नावं मले ठाऊक नाहीत."

सुखरामांनी आपल्या हातची मूठही तिच्यावर ठेवली.

संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर आनंदाबाईंनी नेहमीप्रमाणे हाताची मागची बाजू मुलाच्या गुडघ्याला लावली. आत रक्त साचल्याची ऊब नव्हती, सूजही नव्हती. हात तिथेच ठेवून त्यांनी विचारले, उद्या बोडीपर्यंत जाशील का.