शेंदराखालचा टोप

मित्रांनो, बारा वर्षं लोकांनी मला नारळ फोडले, नवस बोलले, माझ्यापुढे बाळांना पालथं घातलं. पण मी देव नाही. मी पाणबुड्याचा एक जुना टोप आहे. तांब्यापितळेचा, घागरीएवढा, तीन बाजूंना जाड काचेच्या गोल खिडक्या असलेला. हे मी बारा वर्षांत कुणालाही सांगू शकलो नाही, म्हणून आज जरा सविस्तर सांगतो. मध्ये बोलू नका.

माझा जन्म मुंबईला गोदीजवळच्या एका कारखान्यात झाला. तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून मला गोल केलं, खाली गळपट्टा बसवला आणि मागच्या अंगाला नळी जोडायचं तोंड ठेवलं. त्या नळीचं दुसरं टोक वर, काठावरच्या हवेच्या पंपाला. पंपाला एक मोठं चाक. वरच्या माणसानं चाक फिरवलं की माझ्या आत वारा यायचा, आणि तो वारा पिऊन खालचा माणूस काम करायचा. चाक थांबलं की वारा थांबला, आणि वारा थांबला की थोड्या वेळात खालचा माणूस संपला. इतकी साधी गोष्ट आहे. लोक मात्र माझ्याकडं आणि माझ्यातल्या माणसाकडं बघत. चाकाकडं कुणी बघत नसे.

नव्वद सालाच्या सुमारास एका कंत्राटदारानं मला दौंडला आणलं. भीमेवरच्या पुलाचे खांब पाण्याखालून तपासायचे होते. काय ती गर्दी जमायची. माणसं भाकरी बांधून मला बघायला येत, आणि मी उन्हात असा काही चमकत असे की मलाच माझी दृष्ट लागावी. तिथून आम्ही घोड नदीवर आलो, इनामगावच्या अलीकडच्या एका बंधाऱ्यावर. तिथं कंत्राटदाराच्या पाणबुड्याचा कान फुटला आणि तो कोकणात निघून गेला. आता पाण्यात उतरायचं कुणी?

उतरले सोपानराव. धनगराचे, न्हावऱ्याच्या बाजूला वस्ती. मेंढरं केव्हाच विकून ऊस-कांदा करत होते. पण तरुणपणी लोकर कातरायच्या आधी शेकडो मेंढरं डोहात बुडवून धुतली होती, वाहून चाललेली मेंढी बुडी मारून वर आणली होती. पाण्याची भीती त्यांना ठाऊकच नव्हती. कंत्राटदारानं मला त्यांच्या डोक्यावर चढवलं, समोरची काच फिरवून बंद केली, आणि पहिल्याच बुडीत हा माणूस माझ्या आत हसला. खाली हसणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

घरी गेल्यावर ते बायकोला सांगत, "अनसे, खाली लई शांत असतं गं. मासा काचंला डोळा लावून बघतो, ह्यो कोण आलाय म्हणून."

अनसाबाई म्हणत, "माशाला बघायला दुसरं कुणी न्हाई का गावात?"

पण ती रोज दुपारी भाकरी घेऊन बंधाऱ्यावर यायची. पंपावरची दोन माणसं जेवायला बसली की चाक तिच्या हातात. लहानपणापासून जात्यावर बसलेली बाई, तिला लय शिकवावी लागली नाही. इतरांचा वारा धक्क्याधक्क्यानं यायचा. तिचा सलग यायचा. मी आतून ओळखायचो.

चौऱ्याण्णव सालचा तो ऑक्टोबर. पाऊस संपला की बंधाऱ्याच्या खांबांमध्ये लोखंडी ढापे बसवून पाणी अडवतात. त्या वर्षी खालच्या दोन ढाप्यांमध्ये फट राहिली आणि पाणी जोरात निसटू लागलं. सोपानराव फट बुजवायला उतरले. मित्रांनो, पाणी वाट मिळेल तिथं धाव घेतं आणि जे सापडेल ते ओढून नेतं. त्यानं सोपानरावांचा डावा पाय ओढला. शिशाच्या बुटासकट पाय फटीत जो बसला, तो बसलाच. वरचं सगळं पाणी त्या पायावर रेटा देत होतं.

त्यांनी दोरीला तीन हिसके दिले. तीन म्हणजे वर ओढा. वरच्यांनी ओढलं आणि आत त्यांच्या तोंडून जी किंकाळी निघाली, ती माझ्याच भिंतींवर आपटून माझ्यातच राहिली. ओढून पाय तुटला असता, सुटला नसता. मग वर एकच धावपळ झाली. शेजारच्या दोन खांबांमधले ढापे साखळीनं एकेक करून काढायचे, अडवलेलं पाणी उतरवायचं, मगच रेटा कमी होणार. त्याला सगळीच माणसं लागणार होती. पंपावरचे दोघंही साखळीकडं धावले.

वारा थांबला.

मी काहीच करू शकत नव्हतो. मी तांब्याचा. माझ्या काचा आतून धुरकटल्या, आणि सोपानरावांचा श्वास आखूड आखूड होत गेला. आणि मग एकदम मागून झोत आला. सलग, न तुटणारा. सोपानराव पुटपुटले, "अनसा हाय." आणि त्यांनी डोळे मिटले.

ती चार तास चाक फिरवत होती. एकटी. मध्ये कुणीतरी हात द्यायला आलं, तर ती म्हणाली म्हणे, "साकळीकडं जा. हितं म्या हाय." साखळीवर माणूस कमी पडला तर चार तासांचे सहा तास होतील, एवढं तिला कळत होतं. दिवस कलायला लागला तेव्हा पाणी उतरलं आणि पाय सुटला. सोपानरावांना काठावर घेतलं, माझी काच उघडली, आणि मला ती दिसली. चाकाची मूठ सोडता येत नव्हती तिला. वस्तीवरच्या दोघींनी मिळून तिची बोटं एकेक करून सोडवली. तळहातांची सालडी मुठीलाच चिकटून राहिली होती.

आता मुद्द्याचं ऐका. पुढचं काम राहू गावाच्या बाजूला होतं, आणि ते सुरू होईपर्यंत कंत्राटदारानं सगळं सामान सोपानरावांच्या गोठ्यात ठेवलं होतं. आठव्या दिवशी त्याचा निरोप आला, सोमवारी निघायचं. आणि पाय भोपळ्यासारखा सुजलेला हा गृहस्थ म्हणाला, येतो. पाण्यानं वेड लावलं होतं त्यांना. अनसाबाई रडली, भांडली, दोन दिवस जेवली नाही. काही उपयोग झाला नाही.

रविवारी पहाटे ती गोठ्यात आली. तिच्या हाताला चिंध्या बांधलेल्या होत्या. माझ्यासमोर उकिडवी बसून ती हळूच म्हणाली, "तुला म्या आता देव करनार हाय. तू गप ऱ्हा. तुझ्यावर माझा राग न्हाई, पर तू त्यांच्या डोस्क्यावर पुन्यांदा बसायचा न्हाईस." आणि वाटीभर शेंदूर तेलात कालवून तिनं माझ्या तोंडाला फासला. तिन्ही काचांवरून. जग लाल झालं आणि मग काळं झालं.

उजाडल्यावर तिनं वस्तीला सांगितलं, मला दृष्टांत झाला. डोहातला देव टोपाच्या रूपानं वर आलाय, त्यानंच धन्याला वाचवलं, आता त्याला नदीकाठी बसवा. या वस्तीत दृष्टांताला कुणी आडवं जात नाही. ज्याला दृष्टांत होतो त्याचा शब्द शेवटचा. दुपारपर्यंत बंधाऱ्याजवळ चौथरा झाला, आणि माझा गळपट्टा सिमेंटात बसला. सोमवारी कंत्राटदार जीप घेऊन आला, चौथरा बघून कपाळाला हात लावला. त्याचे मजूरच मला हात लावायला तयार होईनात. आणि सोपानराव? देव डोक्यावर कोण चढवील? ते घरी राहिले. कंत्राटदारानं पुढं पाठीवर हवेची नळकांडी बांधून उतरणारी नवी पोरं आणली आणि आम्हा जुन्यांचं नाव टाकलं.

मी डोहोबा झालो.

मित्रांनो, कोंडणं म्हणजे काय ते मला विचारा. दर अमावास्येला, दर दसऱ्याला शेंदराचा नवा थर. पहिल्या वर्षी काचेतून थोडा उजेड यायचा. तिसऱ्या वर्षी तोही गेला. नळीचं तोंड बुजलं, खालून सिमेंट, आणि आत ती जुनी कोंदट हवा. बाहेर नदीचा आवाज ऐकू यायचा, बंधाऱ्यावरून उड्या मारणाऱ्या पोरांचा यायचा, पण पाणी काही माझ्यापर्यंत येत नसे. पाण्यासाठी घडवलेल्या वस्तूला पाण्यापासून वीस पावलांवर बारा वर्षं बसवून ठेवायचं, याला मी शिक्षाच म्हणेन.

त्याहून वाईट म्हणजे लोकांची गोष्ट वाढत चालली. पहिल्यांदा मी सोपानरावांना वाचवलं होतं. मग मी स्वतःच पाण्यातून चालत आलो. मग माझ्यातून ज्योत निघाली. आणि चाकावरची बाई? ती गोष्टीतून कधी गळाली ते कळलंही नाही. विहीर खणायच्या आधी लोक मला नारळ देत आणि म्हणत, डोहोबा, त्या दिवशी जसा धावलास तसा धाव. मला ओरडून सांगावंसं वाटे, अहो, मी धावलो नाही, मी तर नुसता अडकलो होतो. मला लाज वाटायची. आणि सोपानराव रोज सकाळी शेतावर जाताना लंगडत येऊन माझ्यासमोर डोकं टेकवायचे. तेव्हा तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणायचो, किती भोळा माणूस, बायकोनं बनवलं याला.

दोन हजार सहा साली शिरूरहून दुचाकीवर एक बाई आली. नाव साधना. जुन्या पाणबुड्यांची अवजारं आणि आठवणी गोळा करणारी पुण्यातली एक छोटी संस्था होती, तिथं ती काम करायची. कंत्राटदाराच्या घरी तिला एक फोटो सापडला होता. काठावर मला डोक्यावर चढवून बसलेले सोपानराव, आणि डाव्या कडेला, अर्धीच आलेली, चाकाला हात घातलेली एक बाई.

तुमचा देव म्हणजे फोटोतला हाच टोप, तो आमच्या संस्थेला द्या, असं ती म्हणाली. फोटो वस्तीभर फिरला. देवाची पूजा करणारे माऊली गोंधळून गेले. म्हणाले, "बाई, तुम्ही म्हंताय ते खरं धरलं तरी देव कसा उचलून द्यायचा? ह्याचा दृष्टांत अनसाआक्काला झालता. आक्का म्हनतील तसं."

साधना अनसाबाईंना म्हणाली, "आजी, असे टोप आता फार थोडे उरलेत. बहुतेक भंगारात वितळले. आणि तुमच्यासारख्या पंपावर बसलेल्या माणसांचं तर नावही कुठं लिहिलेलं नाही."

एका शब्दानं अनसाबाई मला कायमचा डोहोबा ठेवू शकत होती. खरं बोलली असती तर नवऱ्यापुढं बारा वर्षांची खोटी ठरली असती. तिनं सगळ्यांना घरी पाठवलं आणि सोपानरावांना थांबवलं. दोघं चौथऱ्यावर बसले. मला काही दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं.

"अवं," ती म्हणाली, "मला दृष्टांत झालाच न्हवता. म्या खोटं बोलले. तुमी पुन्यांदा उतरला असता. त्या चार तासात मला सारखं वाटायचं, आता हात सुटतोय, आता सुटतोय. मला पुन्यांदा ते झालं नसतं."

मग सोपानराव म्हणाले, "ठावं हाय मला."

"काय ठावं हाय?"

"त्या शनवारच्या राती तुजे हात ठणकत व्हते. कोंबडा आरवंस्तवर म्या लोनी लावत बसलो. डोळ्याला डोळा न्हाई लागला तुजा. झोपच न्हाई, तर दृष्टांत कुटनं यील?"

"मग रोज पाया कशाला पडत व्हता?"

"त्याच्या न्हाई पडलो," सोपानराव म्हणाले. "तू चाक फिरवलं व्हतं तिथंच चौथरा बांदलाय त्यो. जागा इसरलीस व्हय?"

मित्रांनो, बारा वर्षं मी त्या माणसाला भोळा म्हणत होतो. त्या दिवशी मला कळलं, की आमच्या तिघांत भोळा फक्त मी होतो.

दुसऱ्या दिवशी अनसाबाईनं वस्ती जमवली आणि गंभीर तोंडानं सांगितलं, पुन्हा दृष्टांत झालाय, देव म्हणतो शेंदूर इथं ठेवा आणि टोपाला मोकळं करा. सोपानरावांना जोराचा खोकला आला. माऊलींनी लाकडी हातोडीनं हलकेच ठोकलं, आणि बारा वर्षांचं कवच तीन तुकड्यांत निघालं. ते त्यांनी जोडून चौथऱ्यावर तसंच बसवलं. डोहोबा आजही तिथं आहे, आणि त्याचं नीट चाललंय. हे मी तुम्हाला सांगतोय, वस्तीवर बोलू नका.

मी आता पुण्यात एका लहान खोलीत काचेच्या पेटीत असतो. खरं सांगायचं तर हीसुद्धा पेटीच आहे, पण इथं उजेड आहे, आणि माझ्याशेजारी तो फोटो आहे. शाळेची मुलं येतात, माझ्या खिडक्यांत बघतात, पाटीवरचं सोपानरावांचं नाव वाचतात. पाटीवर दुसरं नाव अनसाबाईंचं आहे. तिथपर्यंत फार थोडी मुलं जातात.

माझी एकच विनंती आहे. मला पुसायला माणूस आहे, मला गंज चढणार नाही. पण दोरीचे हिसके कसे ओळखायचे, चाकाची लय कशी धरायची, चार तास हात कसा सुटू द्यायचा नाही, यातलं काही माझ्या तांब्यात उतरलेलं नाही. ते सगळं त्या बाईकडं आहे. साधनानं तिच्याकडून दोनदा ऐकून लिहून घेतलं, तिसऱ्यांदा गेली तेव्हा तिला बरंचसं आठवत नव्हतं. माझ्याकडं नंतर या. न्हावऱ्याची एसटी सकाळी आहे. अनसाबाई अजून आहेत.