काळ्या चादरीपुढची पिवळी वाटी

“त्या काळ्या चादरीपुढं बसवून पोरीला उपाशी ठेवते म्हणे. आणि नवरा दुकानात गेला ना, की...”

एवढ्यात जिन्यातलं दार धाडकन लागलं आणि उरलेलं वाक्य बाहेरच राहिलं.

ती काळी चादर म्हणजे मी. ही गोष्ट सांगतेय तीही मीच. जिन्याकडच्या खिडकीशेजारी मला टांगलंय, त्यामुळं येणाऱ्याजाणाऱ्याचं सगळं माझ्या कानावर पडतं. चोंबडी म्हणा हवं तर. पण जे ऐकते त्याची मला आताशा शिसारी येते.

मी मूळची अस्तराची. या घरचा माणूस पडदे विकतो. फुलाफुलांचे पडदे दर्शनी बाजूला आणि ऊन अडवायला मागं मी. माझं तोंड गिऱ्हाईक कधी बघत नसे. एक दिवस त्याच्या बायकोनं माझा तुकडा मागितला. तो म्हणाला, “अगं, दुकानात चारशे डिझाइनं आहेत आणि तुला हे काळं फडकं हवंय?” समोरच्या दारातल्या शिवणवालीनं मला दुमड घातली, तीही नाक मुरडून. सुरुवातीला जिन्यात बोललेली ती हीच.

या दोघांची मुलगी पाच वर्षांची. सगळे तिला मुंगी म्हणतात. जन्मली तेव्हा रडायला उशीर झाला, त्यात मेंदूला मार बसला. डोळे ठणठणीत आहेत. पण डोळ्यांनी आणलेलं मेंदूला नीट उलगडत नाही. सकाळी दिसलेली वस्तू, पोर दमली की, संध्याकाळी तिला दिसत नाही. गर्दीत, गोंगाटात तर काहीच नजरेला लागत नाही.

आणि घर कसं, तर पडद्यावर फुलं, उशीवर फुलं, ताटात फुलं, भिंतीवर पोपट. बापानं प्रेमानं सजवलेलं. पोरीला त्या रानात आपली वाटी कुठून सापडणार?

म्हणून आईनं मला टांगलं. माझ्यापुढं एकच पिवळी वाटी. टीव्ही बंद, बोलणं बंद. मग ती मनात वीस आकडे मोजायची आणि थांबायची. कधी वीस संपून चाळीस व्हायचे, तेव्हा कुठं मुंगीचा हात निघायचा. हे थांबणं मी जवळून पाहिलंय. उठून वाटी हातात देणं किती सोपं होतं!

पण घरात पाहुणे यायचे ना! येणारा प्रत्येकजण तिच्या नाकापुढं बोटं नाचवायचा. “सांग, किती?” एकानं तर तिच्या डोळ्यांपुढं किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला, जणू मांजराशी खेळतोय. मग तिच्यासमोरच तिच्याबद्दल बोलायचे, ती कानानंही आंधळी असल्यासारखे. बिस्किटं खाऊन जायचे आणि बोटं मला पुसायचे. शी!

सगळ्यात मोठा आवाज आत्याचा. “काल फरशीवरचं बटण उचललंन् आणि बाप समोर उभा तर ओळखत नाही! शुद्ध नाटक आहे. दोन महिने माझ्याकडं दे, सरळ करते.” पडदेवाल्यालाही ते पटत चाललं होतं. बाजारात पोर त्याच्याकडं अनोळख्यासारखी बघायची, ते त्याला सलत होतं. ठरलं, शनिवारी आत्या मुंगीला न्यायला येणार.

त्या आठवड्यात आईचा धीर सुटला. शनिवारच्या आत पोरीनं काहीतरी करून दाखवावं, असं तिनं डोक्यात घेतलं. एका दुपारी वाटी माझ्यापुढं ठेवून म्हणाली, “बघ आणि घे. नाहीतर नाही.” दोन तास गेले. पोर रडली, माझ्या काठाला नाक पुसलं आणि तशीच झोपली. आईही जेवली नाही. पण म्हणून काय झालं? मला तिची किळस आली. माझीही आली.

दुसऱ्या दिवशी मुंगीला शिकवायला घरी येणाऱ्या बाईंना तिनं स्वतःच सांगितलं. बाई तडकल्या, “भुकेलेलं, रडवेलं पोर आणखी कमी बघतं. जेवण म्हणजे परीक्षा नाही हो!” तेव्हापासून आधी पोटभर भरवायचं आणि मग वाटीत दोन घास शिल्लक ठेवायचे.

शनिवारी आत्या रिकामी बॅग घेऊन आली. आल्याआल्याच म्हणाली, “जिन्यात ऐकलं मी. उपाशी ठेवतेस पोरीला?”

“एकदा ठेवलं, वन्सं. दोन तास. चूक झाली.”

पडदेवाला चमकला. आत्या बॅगेची चेन उघडू लागली. आई नवऱ्याकडं वळली, “अहो, पोर जायच्या आधी एक करा. तो फुलांचा शर्ट काढा. नुसत्या बनियनवर या चादरीपुढं बसा. आणि बोलू नका.”

“अगं पण...”

“बोलू नका म्हटलं ना.”

दिवसभर बोलून पडदे विकणारा माणूस माझ्यापुढं मांडी घालून गप्प बसला. आईनं मुंगीला चार पावलांवर उभं केलं आणि स्वतः बाजूला झाली. पोर बघत राहिली. त्याचं कपाळ घामेजलं, पण तोंड उघडलं नाही. मग मुंगी पुढं आली, तिनं मान खिडकीकडं वळवली आणि हात मात्र नेमका बापाच्या मिशीवर ठेवला.

“बघ, बघतसुद्धा नाही!” आत्या म्हणाली.

“बघून झालं तिचं,” आई म्हणाली. “बघणं आणि हात पुढं करणं तिला एका वेळी जमत नाही.”

“बाबा,” मुंगी म्हणाली आणि मिशी ओढली.

पडदेवाल्यानं बराच वेळ मिशी सोडवून घेतली नाही. मग म्हणाला, “ताई, बॅग रिकामीच ने.”

आत्या गेली. पण घर एका दिवसात बदलत नाही. पोपट उतरले, पडदे अजून फुलांचेच आहेत. मी विटलेय, माझ्यावर खिमटाचे डाग आहेत. तुमच्याकडं एकच मागणं आहे. या घरी आलात तर बोटं नाचवू नका. आपलं नाव सांगा, एका जागी बसा आणि थांबा.

आणि जिन्यातलं ते उरलेलं वाक्य परवा अखेर कानावर पडलं. “नवरा दुकानात गेला की मारते,” असं होतं ते. इथं कुणी कुणाला मारत नाही, ते धादांत खोटं आहे. उपाशी ठेवलं, ते मात्र खरं आहे.