स्क्रीनखालचं बटण

माझी नजर म्हणजे नजर. बढाई वाटत असेल तर वाटू द्या. तीस वर्षं फोटो काढतोय, छापतोय. नुसती प्रिंट हातात घेऊन फोटोतलं ऊन सकाळचं की दुपारचं ते सांगतो. त्यामुळे आमच्या बारकीनं, म्हणजे धाकट्या लेकीनं, स्क्रीनचे रंग मोजायचं यंत्र दुकानात आणलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. यंत्र कसलं, माउसएवढी काळी डबी.

"बापाच्या डोळ्यांवर विश्वास नाही, असं सरळ म्हण ना," मी म्हणालो.

"बाबा, तुमच्या डोळ्यांवर आहे. स्क्रीनवर नाही."

बोलण्यात ती कुणाला ऐकायची नाही. आईवर गेली आहे.

मग तिनं मागच्या खोलीच्या चांगल्या पिवळ्या भिंती राखाडी करून टाकल्या. का, तर भिंतीचा रंग स्क्रीनवर पडतो आणि डोळे फसतात. बायको एकदा डोकावली आणि म्हणाली, "खोली आहे की हत्तीचं पोट?" माझा लाल स्वेटरही त्या खोलीतून हद्दपार झाला. दाराशी खुंटी, खुंटीवर राखाडी डगला. आत जायचं तर तो चढवायचा. डगला शेजारच्या शिंप्यानं शिवून दिला आणि तेव्हापासून तो मला "या डॉक्टर" अशी हाक मारतो.

हे सगळं मी खपवून घेतलं ते बाईंमुळे. बाईंनी बारकीला शाळेत गणित शिकवलं. दोन वर्षांपूर्वी अपघातात त्यांचा एक डोळा गेला. कृत्रिम डोळे बनवणारा कारागीर लांबच्या गावी. त्यानं मापं घेतली आणि रंगासाठी दुसऱ्या, चांगल्या डोळ्याचा छापील फोटो मागवला. तो फोटो मी करून दिला. डोळा आला. बाईंचं बुबुळ मधासारखं फिकं तपकिरी, आणि आलेला डोळा काळ्या कॉफीसारखा. बाई कुणाला एका शब्दानं बोलल्या नाहीत. काळा चष्मा लावून शाळेत जायला लागल्या.

मी मात्र त्या कारागिराला वर्षभर शिव्या घातल्या. शेवटी एकदा बारकीच म्हणाली, "बाबा, त्यांनी फोटोत दिसलं तेच रंगवलंय. चूक आपल्या स्क्रीनची आहे." आणि चार दिवसांनी ती डबी दुकानात आली.

कारागीर पुन्हा रंगवून द्यायला तयार झाला. बाई म्हणाल्या, "एवढ्या वेळेस बघू. नाही जमलं तर राहू दे. चष्म्याची सवय झालीय आता." हे त्या हसत म्हणाल्या, म्हणून जास्तच लागलं.

ठरलेल्या दिवशी बारकीनं सकाळीच स्क्रीन चालू करून अर्धा तास तापू दिला. मग डबी स्क्रीनवर लटकवली. खाली लाल, हिरवा, निळा, मग राखाडीच्या फिक्यापासून गडदपर्यंत छटा येत राहिल्या. स्क्रीन किती खोटं बोलतो ते डबी मोजत होती आणि कॉम्प्युटर तेवढं दुरुस्त करत होता. सगळं संपलं तेव्हा स्क्रीन मला आजारी माणसासारखा मलूल दिसला. बारकी मात्र खूश होती. ती पुढच्या खोलीत बाईंचा फोटो काढायला गेली.

फोटो काढून झाला. तिनं मागे बसून रंग नीट केले, प्रिंट काढली, खिडकीच्या उजेडात बाईंच्या गालाशी धरली.

गडद. पुन्हा तीच कॉफी.

बारकीचा चेहरा पडला. "सगळं मोजूनमापून केलं होतं मी. मलाच जमलं नाही, बाई."

"असू दे गं," म्हणत बाईंनी टेबलावरच्या चष्म्याकडे हात नेला.

खरं सांगतो, याच क्षणाची मी महिनाभर वाट पाहत होतो. यंत्र हरलं, माझी नजर जिंकली. 'मी सांगत नव्हतो?' हे अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात उघड्या दारातून मागचा स्क्रीन दिसला. लखलखीत, निळसर. मलूल कुठे होता तो?

किती वर्षं झाली, माझी सकाळ ठरलेली आहे. शटर वर करायचं, काउंटर पुसायचा, आणि स्क्रीनखालचं बटण चार वेळा दाबून तो उजळ करायचा. गिऱ्हाइकाला फोटो कसा टवटवीत दिसला पाहिजे! आजही बारकी पुढे गेली तशी मी काउंटर पुसला आणि मागे जाऊन बटण दाबून आलो. बोट आपोआप गेलं. स्क्रीन नको इतका उजळ, म्हणून पोरीनं फोटो गडद केला. पहिल्या वेळी मीही तेच केलं होतं.

कुणी पाहिलं नव्हतं. गिळून टाकलं असतं तर पचलंही असतं. पण बाईंचा हात चष्म्यावर होता.

"बाई, चष्मा ठेवा खाली," मी म्हणालो. "हे मी केलंय. मागच्या वेळीही मीच. तो कारागीर बिचारा फुकट शिव्या खातोय."

सगळं सांगून टाकलं. बारकी माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझं बरोबर होतं?"

"तुझं बरोबर होतं. डबीचंही."

तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मी हात मागे बांधून कोपऱ्यात उभा राहिलो. बाईंना त्याचं फार हसू येत होतं. वर्गातली सवय असणार. या वेळची प्रिंट गालाशी धरली. कागदावर मध होता. मी काळी चिकटपट्टी आणली आणि स्क्रीनच्या बटणांवर स्वतःच्या हातानं चिकटवली.

दीड महिन्यानं बाई दुकानात आल्या. चष्मा नव्हता. बारकीनं त्यांचा फोटो काढला आणि मला मागे बोलावलं. मी निमूट डगला चढवला. स्क्रीनवर चेहरा नव्हता, फक्त दोन बुबुळं कापून शेजारी शेजारी ठेवलेली, आणि डावं कुठलं, उजवं कुठलं ते कळू नये म्हणून उलटसुलट केलेली.

"ओळखा बाबा. तुमची नजर म्हणजे नजर ना?"

मी वाकून पाहिलं. माझा चष्मा पुसून पाहिलं. पाच मिनिटं घेतली. मग ठामपणे बोट ठेवलं. "हे रंगवलेलं."

मागून बाई म्हणाल्या, "ते माझं स्वतःचं आहे हो!"

मी डगल्यासकट दुकानाच्या दारात आलो आणि ओरडलो, "अहो, ऐकलंत का! मला ओळखता आलं नाही!"

घरातून बायको धावत आली, शेजारून शिंपी आला. बायको म्हणाली, "अहो, हरलात तर एवढं ओरडताय कशाला?"

"मग काय! तीस वर्षांत या नजरेला कुणी फसवलं होतं का? माझ्या लेकीनं फसवलं!"