गुरुवारचे ऑलिव्ह

बाबांनी निळा स्वेटर घातला, कापडी पिशवी घेतली आणि अबू वज्दीच्या दुकानात ऑलिव्ह आणायला निघाले.

"आज राहू द्या," मी म्हटलं. "बाहेर बर्फ आहे."

"नेहमीचं गिऱ्हाईक चुकलं की दुकानदाराच्या लक्षात येतं. मग तुझी वकीलबाई रागावेल."

"माझी कुठली? तिला बकलावा तुम्हीच खाऊ घालता."

"खाते बिचारी! या जर्मनांना घरी नीट जेवायला मिळत नाही."

सरकारी वकीलबाईंनी बजावलं होतं, अटकेचा हुकूम निघेपर्यंत रोजच्यात काही बदलू नका. संशय आला तर तो देश सोडेल. दमास्कसच्या तुरुंगाच्या तळघरात बाबांचे डोळे सतत बांधलेले असत, त्यामुळे मारणाऱ्याचा चेहरा त्यांनी कधी पाहिला नाही. फक्त प्रत्येक वेळी सुरुवात करण्याआधी तो "माझ्या डोळ्यांवर" म्हणायचा. आमच्याकडे दुकानदार गिऱ्हाइकाला 'तुमचा शब्द शिरसावंद्य' अशा अर्थानं म्हणतात तसं, अगदी अदबीनं. पुढे कित्येक वर्षांनी, इथे कासेलला, बाबांनी अर्धा किलो ऑलिव्ह मागितले आणि काउंटरपलीकडून तेच उत्तर आलं.

"शब्द सगळ्यांचे आहेत," जबाब देताना बाबा म्हणाले होते, "आवाज त्याचा एकट्याचा."

तेव्हापासून दर गुरुवारी ते तिथे जात. आणलेले ऑलिव्ह मी कचऱ्यात टाकायची आणि तोवर बाबा न्हाणीघरात हात धूत राहायचे. त्या दिवशी नळाचा आवाज थांबलाच नाही. मी आत गेले तर पाणी वाहत होतं आणि बाबा जमिनीवर पडले होते.

सांत्वनाला येणाऱ्यांसाठी मामांनी एक हॉल घेतला. दुःखाच्या कॉफीत साखर घालत नाहीत आणि आलेल्या माणसाला परत पाठवत नाहीत. मला भाऊ नाही, म्हणून पुरुषांच्या बाजूलाही कॉफी ओतायला मीच उभी होते. सकाळीच वकीलबाईंचा फोन आला होता. बाबांचा जबाब कोर्टात वाचता येईल, त्या म्हणाल्या, पण आरोपीच नसला तर वाचायचा कुणापुढे?

अबू वज्दी खजुराचा डबा घेऊन आला आणि पुढच्या खुर्चीवर बसला.

"अल्लाह तुला धीर देवो, पोरी." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मुंझिर साहेबांसारखा माणूस होणे नाही! पाऊस असो, बर्फ असो, गुरुवार चुकला नाही. माझ्याशिवाय दुसऱ्याचे ऑलिव्ह तोंडात घालत नसत."

लोकांनी माना डोलावल्या.

"अगं ओत ना," मामा कानाशी पुटपुटले. "पाहुणा कप धरून बसलाय. लोक काय म्हणतील?"

मी ओतली. त्यानं ती संपवली. पुरे झालं की कप हलवतात. त्यानं हलवला नाही.

"आणखी?" मला विचारावंच लागलं.

"माझ्या डोळ्यांवर," तो म्हणाला.

कॉफीचं भांडं मी दोन्ही हातांनी धरलं. तो गेल्यावर मामा म्हणाले, "भला माणूस. एवढ्या बर्फातून आला."

"हो," मी म्हटलं.

पुढच्या गुरुवारी पिशवी घेऊन मी गेले. त्याच्या पुढच्याही. तो मूठभर जास्त घालायचा, "तुझ्या बाबांसाठी" म्हणायचा, आणि मी आभार मानायची. घरी आले की ऑलिव्हचा डबा कचऱ्यात रिकामा करायचा आणि हात धुवायचे. हे उन्हाळ्यापर्यंत चाललं. मग एका सकाळी दुकानाचं शटर उघडलं नाही आणि वकीलबाईंचा फोन आला.

कोर्टात तो काचेमागे बसला होता. आवाजावरून माणूस कसा ओळखता येईल, असं त्याच्या वकिलानं मला तीन-चार प्रकारे विचारलं. बाबांनी जे सांगितलं होतं तेच मी दर वेळी जर्मनमध्ये सांगितलं. शेवटी न्यायाधीशांनी विचारलं, "आणखी काही सांगायचं आहे?"

मी काचेकडे वळले आणि अरबीत बोलले. दुभाषी गडबडीनं माईककडे झुकला.

"अबू वज्दी, तुझे ऑलिव्ह आमच्या घरात कुणी कधी खाल्ले नाहीत. बाबांनी एकही तोंडात घातला नाही."