साहेबी शेकोटी

साहेबाचं राज्य होतं तेव्हा पणजोबांनी हा बंगला उभारला. साहेबाच्या बंगल्याला होते तसे जाडजूड खांब, तशाच कमानी आणि दिवाणखान्यात तशीच संगमरवरी फायरप्लेस. गावात थंडी पडायची ती जेमतेम चादर ओढण्यापुरती. पण साहेबाला शेकोटी, तर पणजोबांनाही शेकोटी. स्वयंपाकघर मात्र अंगणापलीकडे, वेगळं. का, तर साहेबाला कांद्याचा वास सोसत नसे.

साहेब काही कधी जेवायला आला नाही. अंगण तुडवत गरम पातेली वाहायला सुना मात्र येत राहिल्या. धाकटी सून त्यांतली शेवटची. स्वयंपाकघर आत घेऊ या, असं ती लग्नापासून सांगत होती. थोरले भाऊजी मिशीवर हात फिरवून म्हणत, "मूळ नकाशा बिघडेल." भाऊजींना बंगल्याचा नकाशा तोंडपाठ, घरात पाण्याचा माठ कुठे असतो, ते मात्र ठाऊक नव्हतं.

एकदा जुन्या वास्तू पाहणारी मंडळी आली. भाऊजींनी टाय बांधला. खांब दाखवले, कमानी दाखवल्या. तेवढ्यावर थांबले असते तर झाकली मूठ राहिली असती. पण एका बाईंनी फायरप्लेसकडे बोट दाखवून विचारलं, "ही पेटते का हो अजून?"

"म्हणजे काय! आजोबांच्या वेळी रोज पेटायची," भाऊजींनी ठोकून दिलं आणि लाकडं मागवली.

"आधी आत वाकून वर बघा तरी," धाकटी म्हणाली.

"तुला यातलं काय कळतं?"

लाकडं पेटली. धूर वर जाईना, कारण वर भोकच नव्हतं. छपरावर दिमाखात उभं असलेलं धुराडं भलत्याच खोलीवर होतं, नुसतं रस्त्यावरून दिसावं म्हणून. मंडळी खोकत, डोळे पुसत बाहेर पळाली. मागून भाऊजी आले, कपाळापासून हनुवटीपर्यंत काळे.

"लाकडं ओली होती," ते म्हणाले.

पाहुण्यांनी भिडेखातर माना डोलावल्या. धाकटी मात्र पोट धरून हसली.

दुसऱ्या दिवशी भाऊजी कामावर गेले तशी तिनं नवऱ्याला गॅसची शेगडी उचलायला लावली.

"दादा काय म्हणेल?" नवरा पुटपुटला.

"काय म्हणायचं ते म्हणू देत. तू धर त्या बाजूनं."

शेगडी दिवाणखान्यात, खिडकीखालच्या कोरीव टेबलावर बसली. भाऊजी परतले, बघून त्यांनी तोंड उघडलं, तोच तिनं ताट पुढ्यात ठेवलं. या घरात त्यांच्या ताटातून वाफ निघताना प्रथमच दिसत होती. ते जेवू लागले. अर्ध्यावर मान वर केली.

"मीठ जरा कमी झालंय."

तिनं मिठाची वाटी त्यांच्यापुढे आदळली आणि दुसरं पातेलं चढवलं.