मासा ठरवेल ते शहर

आमच्या घरात भांडण झालं की कोणी आवाज चढवत नाही. फक्त "बरं" हा शब्द वाढतो. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणापासून आमच्याकडे इतके "बरं" साचत गेले की जानेवारी उजाडेपर्यंत घरात पाय ठेवायला जागा उरली नाही.

विषय साधा होता. माझी आई, आर्लिस लाम्पी, उन्हाळ्यात निवृत्त झाली. तिने सगळी हयात शाळेची बस चालवली. हाडं गोठवणाऱ्या थंडीत, काळोखात, मागे बसभर पोरं आणि पुढे रस्त्यावर उभं हरीण. तिचा पहिला मोकळा हिवाळा म्हणून दोन आठवडे दक्षिणेतल्या एखाद्या शहरात जायचं, हे ठरलं होतं. कुठल्या, हे ठरत नव्हतं.

आईला सव्हाना हवं होतं. हे तिने एकदाच सांगितलं, तेही बशा पुसताना, खिडकीबाहेर बघत. "जॉर्जियातलं ते सव्हाना काही अगदीच वाईट नसावं, म्हणतात."

परक्या माणसाला हे वाक्य साधं वाटेल. उत्तर मिनेसोटात एखादी बाई असं बोलली, तर ती छपरावर चढून टाहो फोडते आहे असं समजायचं. हवं ते "हवं" म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. चर्चमध्ये लिंबाच्या वड्यांचं ताट फिरतं तेव्हा शेवटची वडी कोणी उचलत नाही. एक जण तिची अर्धी घेतो, दुसरा त्या अर्ध्याची अर्धी, तिसरा त्याचीही अर्धी. शेवटी ताटात जे उरतं ते बघायला सूक्ष्मदर्शक लागतो. आणि तेसुद्धा "कोणाला हवंय का?" असं विचारल्याशिवाय झटकत नाहीत.

बाबांनी आईचं वाक्य ऐकलं होतं. त्यांचे कान हललेले मी पाहिले. पण ते म्हणाले, "तू म्हणशील तिथे जाऊ."

"छे, तुला आवडेल तिथे."

"मला काय, कुठेही चालतं."

"मलाही."

"बरं."

"बरं."

नाताळ असाच गेला. मग एका सकाळी बाबांनी कॉफीच्या कपातून डोकं वर काढलं आणि म्हणाले, "मोबील."

अलाबामातलं मोबील. का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "बंदर चांगलं आहे." बाबांना बंदराशी काय करायचं होतं, हे त्या बंदरालाही सांगता आलं नसतं.

एवढ्यात दोन घरं पलीकडे राहणारी व्हर्ना आत्या आली. ती बाबांची थोरली बहीण. आमच्या घराण्यात स्पष्ट बोलणारी ती एकटीच, त्यामुळे लोक तिला जरा सांभाळून घेतात. ती म्हणाली, "मोबील कसलं डोंबलाचं! सॅन अँटोनियोला जा. तिथे नदीकाठी बसून खाता येतं." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी न्यू ऑर्लिन्स म्हणालो, कारण सगळे बघत असताना काहीतरी म्हणावं लागतं.

आता शहरं चार झाली, आणि आई म्हणाली, "सगळीच छान आहेत." हे तिने इतक्या गोड आवाजात म्हटलं की आमचा कुत्रा उठून दुसऱ्या खोलीत गेला.

"असं करू," बाबा म्हणाले. "माशांना विचारू."

यावर कोणी हसलं नाही. बायकोला सरळ विचारण्यापेक्षा माशाला विचारणं आमच्याकडे जास्त सभ्य समजलं जातं.

योजना अशी. तळं गोठलेलं होतंच. त्यावर चार भोकं पाडायची, प्रत्येक भोकावर एक झेंडीचा गळ लावायचा. या गळाला माणसाने धरून बसावं लागत नाही. खाली मासा लागला की वर स्प्रिंगची केशरी झेंडी टाणकन उभी राहते. एका भोकाला एक शहर. ज्याची झेंडी आधी उठेल, तिथे आई-बाबा जातील. निवडणूक अधिकारी म्हणून शेजारच्या ऑरिन सुंडक्विस्टकाकांना बोलावलं. ते शनिवारी सकाळी उपड्या बादलीवर बसले आणि त्यांनी जाहीर केलं की मी कोणाच्याही बाजूचा नाही, पण कॉफी लागेल.

बाबांनी गिरमिट फिरवून भोकं पाडली, झाऱ्याने बर्फाचा चुरा काढला. मी आमिषाची बादली घेऊन मागे मागे होतो आणि तिथेच माझ्या लक्षात आलं. मोबीलचं भोक त्यांनी पाण्याखालच्या खडकाच्या कडेवर पाडलं होतं. त्या कडेला वॉलआय मासे रांग लावून उभे असतात. सॅन अँटोनियो आणि न्यू ऑर्लिन्स मध्यम पाण्यावर. आणि सव्हाना? सव्हाना पार काठाला, लव्हाळ्यात. तिथे उन्हाळ्यात बदकं चालत जातात.

"बाबा, इथे गुडघाभर पाणी आहे."

"मासे कुठेही असतात, लीफ."

"इथे तर बेडूकही उभा राहील."

"त्या गळाला आमिष लाव आणि गप्प बस."

आई थोड्या अंतरावर उभी होती. तिने चारही भोकं पाहिली. तळं तिला बाबांइतकंच पाठ आहे, शिवाय ती बस चालवायची, म्हणजे मागच्या रांगेत कोण काय करतंय ते न वळता दिसणारी बाई. ती म्हणाली, "वेंडेल, काठाजवळ भोक? वेगळीच कल्पना."

"बदल म्हणून," बाबा म्हणाले.

"बरं," आई म्हणाली. माझ्या अंगावर काटा आला. थंडी उणे वीस होती, पण तो काटा थंडीचा नव्हता.

ती आत्याला घेऊन गाडीत ठेवलेलं दुपारचं जेवण, म्हणजे हॉटडिश, आणायला गेली तेव्हा मी बाबांना आमच्या बर्फावरच्या खोपटात गाठलं. आत शेगडी पेटली होती. बाबा हात शेकत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

"तुम्ही निवडणुकीत घोटाळा करताय."

"मोठा शब्द वापरू नकोस."

"आईला सव्हाना हवंय. तुम्हाला ठाऊक आहे."

बाबा आता शेगडीशीच बोलणार असं वाटलं. शेवटी म्हणाले, "मोबीलला पाऊस फार पडतो. मी वाचलंय. सारखा पडतो."

"मग?"

"मग तुझी आई परत येईल."

बाबांनी दाराच्या फटीतून बाहेर बादलीवर बसलेल्या ऑरिनकाकांकडे मान वळवली. "त्याची बायको जॉइस दोन आठवड्यांसाठी फ्लोरिडात टॅम्पाला गेली होती. चार हिवाळे झाले. आता ती नाताळला कार्ड पाठवते. कार्डावर पेलिकन असतो, सांताची टोपी घातलेला." ते थांबले. "सव्हानात म्हणे जानेवारीत फुलं असतात. मोठी मोठी झाडं, त्यांच्याखाली बाक. इतकी वर्षं पहाटे उठून बर्फ उकरून बस काढलेली बाई अशा बाकावर एकदा बसली, की उठेल कशाला? इथे काय आहे? मी आहे."

माझ्या बाबांनी माझ्यासमोर बोललेलं हे सगळ्यात लांब भाषण. आणि असं भाषण ऐकल्यावर मुलाने काय म्हणायचं असतं, हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही. मी म्हणालो, "शेगडीत लाकूड घालू का?"

"घाल," बाबा म्हणाले.

बाहेर व्हर्ना आत्या ओरडली. न्यू ऑर्लिन्सची झेंडी वर होती.

सगळे धावले. बर्फावर धावणं म्हणजे पेंग्विनसारखं तुरुतुरु चालणं, पण चेहरा धावल्याचा ठेवायचा. मी दोरी ओढली. वर आला तो ईलपाउट. वाम आणि बेडूक यांचं लग्न लावलं आणि ते मोडलं, तर जे होईल तसा हा मासा. आल्या आल्या त्याने माझ्या मनगटाला शेपटीचा विळखा घातला आणि तो सोडायला तयार होईना.

"न्यू ऑर्लिन्स!" आत्या म्हणाली. "गेलं माझं सॅन अँटोनियो."

"थांबा," बाबा म्हणाले. "ईलपाउटचं मत धरायचं का?"

सगळे ऑरिनकाकांकडे वळले. त्यांनी मासा नीट न्याहाळला, माशाने त्यांना न्याहाळलं. "या माशाला चव कळत नाही," काकांनी निकाल दिला. "तो बुटाची नाडीसुद्धा खातो. ज्याला आवडनिवड नाही त्याला मत नाही."

"त्या हिशेबाने या घरात कोणालाच मत नाही," आत्या म्हणाली.

आई खाली बघून हॉटडिश वाढत राहिली. वर बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्या, खाली खिमा आणि सूप. इतक्या थंडीत वाफ अशी निघत होती की क्षणभर कोण कोणाशी बोलत नाहीये ते दिसेना.

आणि तेवढ्यात टाणकन आवाज आला. मोबील.

बाबा चालत गेले. घाई केली नाही. गुडघ्यावर बसून त्यांनी दोरी हातात घेतली आणि हळूहळू ओढायला लागले. दोरी ताणलेली, बाबांचं तोंड उघडं. मासा भोकात अडला, मग फिरला, मग वर आला. काचेसारखे डोळे, पोटाशी सोनेरी, कोपरापासून बोटांपर्यंतही मावणार नाही असा वॉलआय. त्या हिवाळ्यात तळ्यावर कोणीही काढलेला नव्हता असा.

"अरे बापरे," ऑरिनकाका बादलीवरून उठले. ते निवडणूक अधिकारी असल्याचं विसरले होते.

"मग मोबील," आई म्हणाली. "छान. तिथलं बंदर चांगलं आहे, म्हणतात."

ती हसलीसुद्धा. ते हसू मी ओळखत होतो. बसमध्ये कोणी उलटी केली की आई त्या पोराकडे बघून असंच हसायची, काही झालं नाही रे, म्हणून. आणि मग सगळी पोरं उतरली की एकटी बस धुवायची.

बाबांनीही ते हसू पाहिलं. ते हातात मासा घेऊन गुडघ्यावर तसेच बसले होते. मग त्यांनी खिशातून मापाची टेप काढली, माशाला लावली, आणि टेपकडे न बघताच म्हणाले, "लहान आहे."

"काय?" आत्या म्हणाली.

"लहान आहे. नियमाने सोडावा लागेल. मत बाद."

आणि त्यांनी तो मासा भोकात सोडला. माशाने शेपटी एकदा हलवली आणि मोबील गेलं.

ऑरिनकाकांनी टोपी काढली. उणे वीसमध्ये आमच्याकडे माणूस फक्त अंत्यविधीला टोपी काढतो.

"वेंडेल," आई म्हणाली. "मासा मोठा होता."

आईने कोणाचं म्हणणं असं सरळ खोडून काढलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"होता," बाबा म्हणाले.

"मग?"

बाबा भोकात बघत होते. "सव्हानात पाऊस कमी पडतो."

"हो."

"तुला तिथे आवडेल. तू तिथेच राहशील."

"कोणाबरोबर?"

बाबांना हा प्रश्न सुचलेलाच नव्हता. ते म्हणाले, "जॉइस नाही का..."

"मी इथेच उभा आहे," ऑरिनकाका म्हणाले.

"जॉइस उन्हासाठी नाही गेली," आई म्हणाली. "ती ऑरिनमुळे गेली. म्हणजे, ऑरिनपासून लांब. माफ कर हं, ऑरिन."

"नाही, खरं आहे ते," काका म्हणाले. "मीही गेलो असतो."

आई बर्फावरून बाबांपाशी गेली. तिने हातातली हॉटडिशची थाळी खाली ठेवली. थाळी बर्फात थोडी रुतली. "ऐक," ती म्हणाली. "मला सव्हानाला जायचंय. मला तिथे त्या झाडाखाली बसायचंय, पायात मोजे न घालता. आणि मला तू बरोबर हवा आहेस. आणि दोन आठवड्यांनी मला घरी यायचंय, कारण फेब्रुवारीत मोरीचा पाइप गोठतो आणि तुला तो एकट्याला मोकळा करता येत नाही."

"हवा आहेस." भर दुपारी, चारचौघांत. व्हर्ना आत्या, जी आयुष्यभर असं बोलत आली होती, तीसुद्धा खाली बसली.

बाबांचे कान लाल झाले. थंडीने आधीच लाल होते, त्यापलीकडचा कुठला तरी रंग झाला. ते म्हणाले, "मी तिथे दिवसभर करू काय?"

"माझ्याशेजारी बस."

"बाकाला पाठ असते का?"

"असते."

बाबांनी विचार केला. खरोखर केला. घाई केली नाही. "मग बसता येईल," ते म्हणाले.

आईने त्यांना उठायला हात दिला, आणि उठल्यावर तो सोडला नाही. दोघांच्या हातांत जाड मोजे होते, त्यामुळे ते दोन उशा एकमेकींना धरून उभ्या असल्यासारखं दिसत होतं. मी हे बघायला नको होतं असं वाटून मी फोन काढला. उजव्या हाताचा मोजा दातांनी ओढला आणि बोटं बधिर व्हायच्या आत सव्हानाची तिकिटं शोधली.

"मंगळवारची मिळताहेत," मी म्हणालो. "दोन काढू?"

"दोनच?" व्हर्ना आत्याने विचारलं.

एरवी आई म्हणाली असती, तू आलीस तर बरंच होईल, जशी तुझी सोय. बाबांनी काळजीने आईकडे पाहिलं.

"दोनच," आई म्हणाली. तिला आता सवय लागली होती.